टेकलेला गुडघा

मोटार शिकवणाऱ्या मास्तरांच्या बायकोनं सहा वर्षांपूर्वी घरात एक नियम केला होता. मास्तर बाजूला बसणार असतील, तर ती स्टिअरिंगला हात लावणार नाही. एरवी ती गाडी चालवायची, आणि झकास चालवायची. पण म्हणायची, "तुम्ही शेजारी असलात की मी गाडी चालवत नाही, परीक्षा देते."

तिचंही काही चुकत नव्हतं. शिकवायच्या गाडीत मास्तरांच्या बाजूलाही एक ब्रेक होता. सव्वीस वर्षं त्यावर उजवा पाय ठेवून बसल्यामुळे घरच्या गाडीतही तो पाय गप्प राहत नसे. तिथं ब्रेक नव्हता, पण पाय बिचारा काय जाणे! सायकल दिसली की दाब, कुत्रं दिसलं की दाब, काहीच दिसलं नाही तर संशयानं दाब. शेवटी पायाखालच्या मॅटला चवड्याएवढं भोक पडलं. बायकोनं नवी आणली, तिचीही वर्षभरात तीच गत झाली. तिसरी तिनं आणलीच नाही.

"तुमचा जन्म ब्रेकवर गेला," ती म्हणाली. हे मास्तरांच्या जिव्हारी लागलं. खोटं असतं तर एवढं लागलं नसतं.

जखमेवर मीठ चोळायला साडू होताच. म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. आठवडाभर चष्म्याचं दुकान चालवायचा आणि सुट्टीला मोटरसायकल. रेसच्या ट्रॅकवर महिन्यातून एक दिवस हौशी लोकांना आपापली गाडी मनासारखी पळवू देतात, तिथं तो दोन वर्षांपूर्वी जाऊन आला होता. वळणावर गाडी इतकी आडवी करायची की गुडघा जमिनीला लागला पाहिजे, ही तिथली मोठी कमाई. त्यासाठी सूटच्या गुडघ्यावर प्लास्टिकची जाड वाटी चिकटवतात. ती घासून झिजली की माणूस धन्य. साडूनं आपली झिजलेली वाटी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, लेकीच्या वक्तृत्वाच्या ढालीशेजारी ठेवली होती. तिचा इतिहास ऐकल्याशिवाय पाहुण्याला चहा मिळत नसे.

एकदा बायको त्या वाटीकडे बघून म्हणाली, "नाहीतर तुम्ही!"

बस्स. मास्तरांनी बावन्नाव्या वर्षी ठरवलं, आपणही गुडघा टेकवायचा. साऱ्या जगात गुडघे टेकले की माणूस हरतो. टेकल्यावर जिंकतो अशी एकच जागा त्यांना सापडली होती, आणि ती सोडायची नाही असा त्यांनी चंगच बांधला.

ट्रॅकवर मास्तरांना भाड्याचा कातडी सूट मिळाला. तो घातल्यावर बसता येत नव्हतं आणि बसल्यावर उठता येत नव्हतं. मग एका कार्यकर्त्यानं त्यांच्या जुन्या मोटरसायकलचे आरसे काढायला घेतले. मास्तर कळवळले. "अहो, आरसे कशाला? मागचं कसं दिसणार?"

"मागचं बघायचंच नसतं काका. मागचा आपलं आपण बघून घेतो."

आयुष्यभर हजारो लोकांच्या कानीकपाळी 'आरसा बघ, आरसा बघ' म्हणून ओरडलेल्या माणसाला हे वाक्य ऐकावं लागलं!

शिकवायला एक मुलगी होती, पंचविशीची असेल. तिनं नियम सांगितले. मास्तरांनी ते वहीत लिहून घेतले. लिहून घेणारे ते एकटेच. तरी पहिल्याच वळणावर घोटाळा झालाच. वळण आलं तसा मास्तरांचा डावा हात सवयीनं उठला आणि त्यांनी व्यवस्थित इशारा दिला. मागचे पाचही जण दचकून हळू झाले. कडेच्या माणसानं पिवळा झेंडा हलवला.

"सर," आत आल्यावर मुलगी म्हणाली, "इथं हात वर केला की गाडी बिघडली असा अर्थ होतो. मी सांगितलं होतं."

"लिहिलंय मी. पण वळताना हात दाखवायला नको?"

"कुणाला? सगळ्यांना तिकडंच वळायचंय. दुसरीकडं रस्ताच नाही."

साडूही यंदा बरोबर आला होता. तो हेल्मेटमध्ये हसला. ते हेल्मेटबाहेर ऐकू आलं.

दुसऱ्या फेरीत ती मुलगी मास्तरांच्या मागोमाग आली आणि नंतर बाजूला घेऊन म्हणाली, "तुम्ही वळणाआधी ब्रेक लावता, ते बरोबर. वळणातही लावता. वळण संपल्यावर पुन्हा लावता. तो कुणासाठी?"

सव्वीस वर्षांत मास्तरांनी हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता.

"गुडघ्याचा नाद सोडा," ती म्हणाली. "तो टेकायचा तेव्हा टेकेल. वळणात शिरलात की उजवा पाय ब्रेकवरून काढा, चवडा फूटरेस्टवर ठेवा आणि तिथंच राहू द्या. घाबरलात तरी राहू द्या."

शेवटच्या फेरीत मास्तरांनी सहा वळणं घाबरून घेतली. सातवं वळण उजवीकडचं, लांबलचक. शिरताना पाय सवयीनं ब्रेककडे निघाला. मास्तरांनी त्याला दम भरला, अगदी मोठ्यानं, हेल्मेटमध्ये: "थांब!" आणि तो थांबला. गाडी मात्र थांबली नाही. ती आपली आपण वळत राहिली, मऊसूत, कुणी सांगितल्याशिवाय. मास्तरांना वाटलं आता पडतो, मग वाटलं अजून पडलो नाही, मग वळण संपलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. गुडघा जमिनीपासून हातभर वर होता. त्यांना त्याची आठवणही नव्हती.

त्याच वळणाच्या शेवटी त्यांनी बाहेरच्या बाजूनं एकाला मागे टाकलं. तो साडू होता. खांबासारखा ताठ बसलेला. त्याच्या गुडघ्याखाली एखादं स्टूल आरामात मावलं असतं.

नंतर शेडमागे मास्तरांना साडू सापडला. टायरवर बसून तो सूटला चिकटवलेल्या वाटीवर कानस घासत होता.

साडूनं कानस पाठीमागे नेली.

"मागचीही अशीच?" मास्तरांनी विचारलं.

"भाऊ," साडू खाली मान घालून म्हणाला, "पोरीनं तिच्या शाळेत सांगितलंय हो." मग त्यानं कानस पुढे केली. "तुमचीही द्या. घरी काय दाखवणार?"

मास्तर नाही म्हणणार होते. पण तेवढ्यात त्यांचं लक्ष साडूच्या हाताकडे गेलं, आणि सव्वीस वर्षांचा मास्तर जागा झाला. "अहो, असं सरळ काय घासताय? वळणात गुडघा तिरका लागतो. कड आधी झिजेल, मग मधलं. आणा इकडं." सांगता सांगता त्यांनी साडूची वाटी घासून दिली आणि त्याच ओघात आपलीही. वाईट काम त्यांना बघवत नसे, मग ते लबाडीचं का असेना.

संध्याकाळी साडूच्या घरी वाट्या दोन हातांतून चार हातांत फिरल्या. धाकटीनं कपाटात जागा केली. बायकोनं मास्तरांची वाटी उलटसुलट करून बघितली आणि पर्समध्ये टाकली. "टेकले म्हणायचे एकदाचे," एवढंच म्हणाली.

घरी परतायची वेळ झाली तेव्हा मास्तरांच्या मांड्या इतक्या धरल्या होत्या की त्यांना गाडी चालवणं शक्यच नव्हतं. सहा वर्षांचा नियम मोडून बायको स्टिअरिंगवर बसली. मास्तर शेजारी. पायाखाली तीच भोक पडलेली मॅट.

चौक ओलांडल्यावर तिनं विचारलं, "वळणं कुठल्या बाजूची असतात हो तिथं?"

"नऊतली सात उजवी. मोठी सगळी उजवीच." मास्तर खुलले. "डावी दोन नावापुरती, सायकलवालाही सहज घेईल."

"वाटीच्या मागं तर 'लेफ्ट' लिहिलंय. मग डावा गुडघा कसा झिजला?"

मास्तरांनी कोन तपासला होता, कड तपासली होती. बाजू तपासायची राहून गेली होती. उजव्या हातात कानस धरली की डावा गुडघा सोयीचा पडतो, म्हणून साडूनं डावा घासला आणि गुरूनं शिष्याचं बघून तेच केलं.

"कानशीनं," ते म्हणाले. मग सातव्या वळणाचंही सांगून पाहिलं. पण 'मी ब्रेक लावला नाही' यात सांगण्यासारखं काय असतं? ते दोन वाक्यांत संपलं. बायकोनं नुसतं आरशात बघितलं. तिचा विश्वास बसला नाही हे मास्तरांना कळलं, आणि कानस हातात घेतलेल्या माणसावर का बसावा, हेही कळलं.

इतक्यात गल्लीतून एक स्कूटर कुठंही न बघता सरळ समोर आली. बायकोनं ब्रेक दाबला. गाडी हातभर आधी थांबली, स्कूटरवाला निघून गेला.

बायको मास्तरांच्या पायाकडे बघत होती. पाय भोकाच्या बाजूला निवांत पडला होता.

"पाय दुखतोय का?"

"मांड्या दुखतायत. पाय बरा आहे."

"मग दाबला नाहीत?"

"तू लावलास ना ब्रेक."

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. मग तिनं गिअर टाकला.

"उद्या नवी मॅट आणू," ती म्हणाली.