हा तो 'नाही' नाही

मी एक जुनी पट्टी आहे. पट्टी म्हटल्यावर तुम्हाला शाळेतली आठवेल, म्हणून आधीच सांगते, मी सिनेमाच्या फितीवरची आवाजाची पट्टी. फितीच्या कडेला भोकं असतात आणि मधे चित्रं. त्या दोघांच्या बेचक्यात अंग चोरून जी नागमोडी पांढरी रेघ धावते, ती मी. माझ्यातून दिव्याचा उजेड गेला की पडद्यामागच्या कर्ण्यातून माणसं बोलू लागतात. पण मित्रांनो, सगळे सिनेमा 'बघायला' जातात. 'ऐकायला चाललोय' म्हणणारा माणूस मला अजून भेटायचाय!

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ तिथेच आहे. माझ्या शेजारी जे चित्र असतं, त्याचा आवाज त्याच जागी माझ्या अंगावर नसतो. यंत्रात चित्राचा दिवा वर आणि माझा खाली, त्यामुळे मला जवळजवळ एक सेकंद पुढचा आवाज वागवावा लागतो. शेजारी बॅगेचं चित्र असेल, तर माझ्यावर सेकंदाने उच्चारायचा शब्द असतो. हे यंत्र चालवणाऱ्या प्रत्येकाला शिकवतात. लक्षात कुणी ठेवत नाही.

आमच्या सिनेमात शेवटी नायिका घर सोडते. दारात तिची बॅग दिसते. नवरा आतून विचारतो, "परत कधी येणार?" पडद्यावर अजून बॅगच असते आणि तिचा आवाज येतो, "मी परत येणार..." शेवटच्या शब्दाला ती आपल्याला पाठमोरी दिसते, मान हलवते, "...नाही." सिनेमा संपतो. पहिल्या आठवड्यात हे ऐकून थिएटर चिडीचूप व्हायचं. मला केवढा अभिमान वाटायचा!

दुसऱ्या महिन्यात त्या बॅगेपाशीच फीत यंत्राच्या दातांत अडकून फाटली. यंत्र चालवणाऱ्याला सगळे मामा म्हणत. मामा मनाने चांगले, पण कायम घाईत. "बॅग तर आहे, कुणाचं काय अडलंय?" म्हणत त्यांनी सव्वा वीत फीत कापली, दोन टोकं चिकटवली आणि चहा प्यायला गेले. चित्रातली बॅग थोडी कमी झाली, एवढंच. पण त्या सव्वा वितीवर माझा 'नाही' होता हो! तो केराच्या टोपलीत गेला. मी किती ओरडले असेन! पण ओरडायचं तरी कशाने? शब्दच कापून नेलेला.

त्या दिवसापासून नायिका म्हणू लागली, "मी परत येणार." आणि मान मात्र नकाराची हलवू लागली.

मित्रांनो, मग जे झालं त्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोकांना ते आवडलं! "मनाविरुद्ध दिलेला होकार! काय अभिनय!" असं छापून आलं. आम्ही सहा प्रती, सहा बहिणी. पाच भंगारात गेल्या, मूळ फीतही उरली नाही, आणि पुढे टीव्हीवर लागायची ती मीच, लंगडी. सगळ्या जगाने तो होकारच ऐकला.

नायिकेचं काम केलेल्या बाई सांगून सांगून थकल्या. कुणी ऐकेना. एकदा एक अनोळखी स्त्री त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "तुमचा सिनेमा बघितला आणि मीसुद्धा माघारी गेले. सोसायचं ठरवलं." बाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मी मात्र डब्यात पडून आंबूस वास सोडत होते. चाळीस वर्षांनी मला बाहेर काढलं ते आवाज दुरुस्त करणाऱ्या एका ताईने. तिच्या खोलीत खिडकी नव्हती, टेबलावर दोन पडदे आणि समोर एकच कर्णा. तिचे साहेब रोज दारातून डोकावून विचारायचे, "डावा-उजवा आवाज वेगळा करूया ना? लोकांना हल्ली चहूकडून लागतं."

"एकच आवाज आहे साहेब, तो आधी धड होऊ दे," ताई म्हणायची. मला ती तिथेच आवडली.

बाईही यायच्या, काठी टेकत. "एक कान गेलाय, दुसरा निघायच्या बेतात आहे. डॉक्टर म्हणतात, चार-सहा महिने. तेवढ्यात माझा 'नाही' मला ऐकव गं. मग खुशाल बहिरी होते."

"एका कानाने चालेल?" ताईने विचारलं.

"आपल्या सिनेमाला तरी कुठे दोन आवाज आहेत? जमेल आमचं."

ताईने संगणकावर माझी नवी प्रत केली, तिच्यातले ओरखडे पुसले, खरखर काढली. पण जे नाहीच ते कुठून काढणार? साहेबांनी तोडगा काढला, "तिसऱ्या रिळात शेजारीण साखर मागते, तेव्हा हिरॉईन 'नाही' म्हणते. तो उचल आणि चिकटव. कुणाला कळतंय?" ताईने नाइलाजाने चिकटवला. मी म्हटलं, झालं, पुन्हा मामाच!

बाईंनी ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, हा तो 'नाही' नाही. हा साखरेचा आहे!"

दोन दिवसांनी त्यांनी एक कॅसेट आणली. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या मेव्हण्यांनी रुमालाखाली टेपरेकॉर्डर लपवून थिएटरात भरून घेतलेली. सेल उतरलेले, म्हणून भरताना कॅसेट हळू फिरलेली, त्यामुळे आता सगळे चिरक्या आवाजात घाईघाईने बोलल्यासारखे. ताईने माझे शब्द मापाला धरून ती कॅसेट सरळ केली. आठ दिवस लागले. खोकला, खुर्च्यांची करकर, आणि मग आला! "मी परत येणार ना..." आणि 'ही' म्हणता म्हणता त्याच्यावर प्रेक्षकांतल्या कुठल्याशा बाईचा आवाज चढला, "बरं केलंस गं बाई!"

ताईने दोन्ही आवाज सोडवायचा जंग जंग प्रयत्न केला. ती बाई निघाली की 'ही' पण निघायचा. साहेब वैतागले, "हा कचरा आहे. साखरेचाच ठेव." ताई रडकुंडीला आली आणि मी तर केव्हाचीच आले होते.

शेवटी तिने तो तुकडा जसाच्या तसा, खोकल्यासकट, नव्या प्रतीतल्या माझ्या खड्ड्यात बसवला आणि बाईंना बोलावलं. "माफ करा, बाई. हिला काढता येत नाहीये."

बाईंनी चांगला कान कर्ण्याला लावला. तीनदा ऐकलं. डोळे पुसले.

"काढायची नाही तिला," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षं लोक मला परत गेलीस म्हणून शाबासकी देतायत. बरं केलंस म्हणणारी ही एकटीच आहे."

साहेबांनी साखरेचा हट्ट सोडला. तुकडा राहिला.

माझ्या अंगावरची ती सव्वा वीत आजही गायबच आहे, मित्रांनो. नव्या प्रतीत जो 'नाही' ऐकू येतो तो कॅसेटचा, माझा नाही. याचा राग मला अजून आहे आणि तो जाणारही नाही. म्हणून सांगते, जुनं काही कापायला घेतलंत तर आधी ते ऐका. तुम्हाला नुसती बॅग दिसते आहे, पण तिथे कुणाचा तरी नकार असेल.