एका पायाचं पैंजण

रत्नव्वाच्या जिभेला इष्टलिंगाच्या पूजेआधी कधी पाण्याचा थेंब लागला नाही. अंघोळ, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर लिंग, मग जग. सोमवारचं आणखी एक व्रत होतं, ते कुठल्या स्वामींनी सांगितलेलं नव्हतं. तिचं तिनंच धरलेलं. पूजा आटोपली, की ती टेपरेकॉर्डरमध्ये एक कॅसेट घालायची आणि डोळे मिटून बसायची.

कॅसेटवर तिचा नवरा शिवमूर्ती भजन गात होता. शाहूपुरीत त्याची गुळाची अडत होती आणि गळा त्याहून गोड होता. आता तोही जाऊन दोन वर्षं झालेली. पण खरं सांगायचं, तर रत्नव्वा त्याच्या गळ्यासाठी कॅसेट लावत नसे. पंच्याण्णव साली धाकटा दीर मल्लेश हे भजन टेप करत होता, तेव्हा मागच्या खोलीत त्यांची लेक शांभवी पळत होती. चार वर्षांची पोर, हुपरीहून आणलेली चांदीची नवीकोरी पैंजणं, ती काय गप बसणार? दारापासून देवघरापर्यंत आणि देवघरापासून दारापर्यंत, छुम छुम, छुम छुम. पुढच्या वर्षी तापानं पोर हातची गेली. तिचा बोल कुठं राहिला नाही. राहिली ती एवढी पावलं.

आणि ती पावलं आता झिजत चालली होती. दोन हजार सातच्या दिवाळीत टेपरेकॉर्डरनं कॅसेटची फीत गिळली. मल्लेशचं राजारामपुरीत टीव्ही आणि साउंडचं दुकान होतं. साखर कारखान्यांच्या संचालकांच्या बंगल्यात तो घरचं थिएटर बसवून द्यायचा. त्यानं फीत हलक्या हातानं सोडवली, एकदाच वाजवली आणि कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. शेवटाला येता येता ती तटकन तुटली. तिच्यावरचा तपकिरी भुगा त्याच्या बोटांना लागला.

"वैनी, भिऊ नका. आवाज सगळा आत आलाय," म्हणत त्यानं डीव्हीडी आणून दिली.

सोमवारी तिनं ती लावली. शिवमूर्ती लख्ख गात होता, समोर बसल्यासारखा. पण त्याच्या मागची खोली रिकामी होती. रत्नव्वा शेवटपर्यंत बसली. मग फोनवर एवढंच म्हणाली, "मल्लेश, हितं पोर न्हाय."

मल्लेश दुपारीच आला. चहाला हात न लावता सांगू लागला, "चूक माझी हाय. डीव्हीडीत आवाज दाबून भरत्यात. मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज झाकतोय, तो माणसाला न्हायतरी कुठं ऐकू येतोय, असं धरून टाकूनच देत्यात."

"कुणी ठरवलं, ऐकू येत न्हाय म्हणून?"

"मशीन ठरवतंय."

"मशीनला लेकरू हाय व्हय?"

मल्लेशनं चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाला, "लॉसलेस करतो. म्हणजे कणभरबी टाकायचं न्हाय. नवीन दोन डिस्क निघाल्यात, एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे. दोघींची नुसती सवतीगत भांडणं चाललीत. एचडी डीव्हीडीत लॉसलेस आवाज हरएक प्लेअरला वाजवता यायलाच पायजे, तसा नियम हाय. ब्लू-रेत तसली सक्ती न्हाय. पण तिचं पोट मोठं, आवाज न दाबता तसाच्या तसा मावतोय."

"मग कुठली चांगली?"

"मी एचडी डीव्हीडीवर पैज लावलीया. बाजारात मला येड्यात काढत्यात, ते सोडा. तुम्ही दुकानात या, वैनी. दोन्ही ऐका. कान तुमचा."

पुढच्या सोमवारी पूजा उरकून रत्नव्वा दुकानात गेली. मागच्या बाजूला काळे पडदे लावलेली खोली होती. बाहेर रिक्षा ओरडत होत्या, आत आपलाच श्वास ऐकू येत होता. मल्लेशनं तिला मधल्या खुर्चीत बसवलं आणि एचडी डीव्हीडी लावली.

शिवमूर्तीनं पहिला सूर लावला. त्याच्यामागं, लांब, घुंगरू वाजलं.

रत्नव्वाचा हात छातीवरच्या लिंगाच्या करंड्यावर गेला. आली. पोर आली. दारापासून देवघराकडं निघाली. पण ती छुम छुम नव्हती. छुम... मग मधे काहीच नाही... मग छुम. पुन्हा तेच. देवघरापर्यंत यायचं, थांबायचं, माघारी जायचं. काहीतरी हुडकत असल्यासारखं.

"एकच पाय वाजतोय," ती म्हणाली.

मल्लेशच्याही कानाला ते लागलं होतं. त्यानं कपाळ पुसलं. "डिस्कचा दोष असंल. ब्लू-रे लावतो."

ब्लू-रे लावली. तोच सूर, तेच घुंगरू, तोच एक पाय. मल्लेशनं वायरी काढून घातल्या, स्पीकर बदलले, कॉम्प्युटरवर दोन्ही आवाज शेजारी शेजारी ताणून बघितले. मग हताश होऊन बसला. "वैनी, केसाचाबी फरक न्हाय. दोन्ही डिस्का खऱ्या बोलत्यात. फीतच झिजली असंल, दुसरं काय?"

"फीत झिजताना एकच पाय बघून झिजती व्हय रं?"

उत्तर रत्नव्वाकडंच होतं.

शांभवीला रुद्रभूमीत बसवून माती द्यायची तयारी चालली होती, त्या दिवसाची गोष्ट. हातात लिंग, गळ्यात फुलं, पायात पैंजण. रत्नव्वानं शेवटचा हात फिरवायचं निमित्त केलं आणि डाव्या पायातलं पैंजण सोडवून मुठीत घेतलं. सासूनं तेवढं पाहिलं. कानाजवळ येऊन म्हणाली, "असं करू नगंस, रत्ना. दोन्ही ठेव न्हायतर दोन्ही काढ. एक पाय वाजता नि एक मुका, अशी पोर वाटंला लावू नगंस. हुडकत बसंल." रत्नव्वानं मूठ उघडली नाही. ते पैंजण तेव्हापासून देवघरात, भस्माच्या डबीशेजारी होतं. रोजच्या पूजेत त्यालाही दोन फुलं मिळत.

म्हणजे इतकी वर्षं पोर पैंजण हुडकत देवघरापर्यंत येत होती. आणि आई डोळे मिटून बसलेली असायची.

"मी जातो," रत्नव्वा उठली. "ती डिस्क काढू नगंस. मी परत येतो."

घरी येऊन तिनं पैंजण उचललं. किती हलकं! पदरानं पुसलं, एकदा कानाशी हलवलं, आणि मग तिचे पाय जागचे हलेनात. हे दिलं, तर हातात धरायला काय उरलं? शेजारची सोनूबाई दारातून हाक मारून गेली, तिलाही तिनं ओ दिली नाही. शेवटी देवघरासमोर वाकून म्हणाली, "शिवा, माझी मूठ तूच उघड."

रुद्रभूमीत दुपारचं कुणी नव्हतं. कण्हेरीखालची जागा तिला डोळे बांधून सापडली असती. तिनं हातानंच माती उकरली, पैंजण ठेवलं, वर बेलाचं पान ठेवलं, माती सारली. "घे बाळा," एवढंच म्हणाली. नखांत माती घेऊन ती तशीच दुकानात परतली.

मल्लेशनं तिच्या हातांकडं पाहिलं. ती खुर्चीत बसली. त्यानं तीच डिस्क पहिल्यापासून लावली.

शिवमूर्ती गाऊ लागला. रत्नव्वानं कान दिला. सूर, टाळ, त्याचा श्वास. त्याच्यामागं शांत, झाडलोट केलेल्या खोलीसारखं. ती वाट बघत राहिली.

तेवढ्यात मल्लेशनं तिचं मनगट धरलं.

"वैनी! ऐकलं का? दोन्ही पाय! दोन्ही पाय वाजत्यात की! पळतीया बघा... दाराकडं गेली... गेली बाहीर..."

रत्नव्वाला काहीच ऐकू आलं नव्हतं. नवऱ्याचं भजन तेवढं चालू होतं.

"व्हय?" ती हळूच म्हणाली. "पळतीया न्हवं? लंगडत न्हाय न्हवं?"

"न्हाय, वैनी."

तिनं मातीचे हात जोडले आणि भजन संपेपर्यंत तशीच बसून राहिली.