मांगुरांना जीवदान

"आवं, काय केलंत हे! काय केलंत तुमी!" रंगराव पाण्यातूनच ओरडला.

पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. काठावरच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी निळं पिंप पुरतं आडवं केलं होतं आणि त्यातले काळे, लांब मिशांचे मासे सळसळत तलावात उतरले होते. शेजारी त्यांची बायको डोळे मिटून, हात जोडून उभी. डिसेंबरचा पहिला आठवडा, सकाळचे सात. खडकवासल्याच्या मागच्या डोंगरात हा लहानसा तलाव, त्यावरचं धुकं अजून हललं नव्हतं. आदल्या संध्याकाळी मोठ्या मासळीसाठी लावलेलं जाळं उचलायला रंगराव टायरच्या फुगवलेल्या ट्यूबवर बसून आत गेला होता. ते तसंच सोडून तो हातांनी पाणी मारत काठाला आला.

"ओरडताय कशाला? जीवदान देतोय," गृहस्थ म्हणाले. गोपाळकृष्ण त्यांचं नाव. पहाटे गाडी काढून ते पार विश्रांतवाडीहून आले होते. "तुम्ही मारता, आम्ही सोडतो. प्रत्येकाचा उद्योग वेगळा."

"मांगूर हाय त्यो! आफ्रिकेचा! सरकारची बंदी हाय त्याच्यावर. दुसरा मासा न्हाय घावला तुमाला?"

"दुसरे वाटेतच मेले असते. विकणारा म्हणाला, पाणी कमी असलं तरी हाच तग धरतो. म्हणून मुद्दाम हाच घेतला."

घ्या! जो मासा सहजासहजी मरत नाही, नेमका तोच हुडकून आणला होता पुण्य करायला. रंगरावच्या तळपायाची आग मस्तकात गेली. श्रावणात अकरा घरांनी मिळून या तलावात रोहू आणि कटल्याची बोटुकली सोडली होती, बोटाएवढी पिल्लं. आता कुठे ती वाढीला लागली होती. पलीकडच्या पाझर तलावात दोन वर्षांमागे कुणीतरी असंच पुण्य करून गेलं होतं. आज तिथं जाळं टाकलं की मांगुराशिवाय काही म्हणता काही लागत नाही. त्या काठची चार घरं खराडीला वॉचमनकी करतात. आता इथल्या अकरा घरांची पाळी.

एक थंडी तेवढी त्याच्या बाजूनं होती. गार पाण्यात हा मासा बधिर होतो, काठच्या चिखलात तोंड खुपसून पडून राहतो. ऊन डोंगरावरून खाली उतरलं की हलायला लागणार आणि मग सापडतोय कुठला! हातात फार तर दीड तास.

रंगरावनं आतलं जाळं ओढून आणलं, त्याचं एक टोक बाभळीला बांधलं आणि दुसरं घेऊन छातीभर पाण्यातून वळसा मारत मासे सोडलेला तो कोपरा बंद करून टाकला. मग आत उतरून पायांनी चिखल चाचपायला लागला. पायाखाली काही गुळगुळीत हललं की वाकायचं, मानेमागं पकडायचं, काठावर आणून डोक्यात दांडकं घालायचं आणि गोणीत टाकायचं. तिसऱ्याच माशाचा काटा त्याच्या तळहातात घुसला. त्यानं गोपाळकृष्णांकडे बघत एक सणसणीत शिवी हासडली. ती माशाला होती असं कुणी समजू नये.

"अहो, मारू नका हो!" बाई रडायलाच लागल्या. "आमच्या मुलाच्या, अवधूतच्या नावानं सोडलेत. आज वर्षश्राद्ध आहे त्याचं. पाया पडते तुमच्या."

"हेमा, या माणसाच्या पाया पडायचं कारण नाही," गोपाळकृष्ण म्हणाले. "दया नावाचा प्रकार यांच्या गावाला नसावा."

"हाय की! हिकडं या, दावतो," रंगराव गरजला. त्यानं ओंजळ भरून पाणी उचललं आणि हेमाबाईंच्या पुढ्यात धरलं. त्यात एक चंदेरी पिल्लू गिरक्या घेत होतं. "ही आमी सोडल्याली. चार म्हैने हात लावला न्हाय. हेंची आई कोण, बाप कोण? आमीच! तुमचा मांगूर येकेक करून गिळनार हेंला. तुमचं जीवदान झालं, ह्यांचं काय?"

हेमाबाई त्या ओंजळीकडे बघत राहिल्या. त्यानं पिल्लू अलगद पाण्यात सोडलं.

"किती हुते समदे?"

"किलोवर घेतले," गोपाळकृष्ण म्हणाले. "मोजायला मी काय मासळीवाला आहे? असतील वीस."

हेमाबाई तोंड फिरवून डोंगराकडे बघायला लागल्या.

तासाभरानं गोणीत वीस झाले. रंगरावचे ओठ निळे पडले होते, दातांवर दात वाजत होते आणि काटा लागलेला हात भाकरीसारखा सुजला होता. त्यानं आणखी दोनदा चिखल तुडवला. काही लागलं नाही. सुटलो, असं म्हणत तो बाभळीला बांधलेलं टोक सोडायला लागला. ऊन आता पलीकडच्या काठाला टेकलं होतं.

"सोडू नका," हेमाबाई म्हणाल्या.

रंगराव थांबला.

"तेवीस आहेत. पिंपात टाकताना मी मोजून घेतले होते. तेवीस वर्षांचा होता तो. वर्षाला एक."

गोपाळकृष्णांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं.

रंगरावचा राग होताच, चांगला नाकापर्यंत होता, पण आता तो काढायचा कुणावर? टोक परत आवळून तो पाण्यात शिरला. एकविसावा जाळ्याच्या बुडाशी सापडला, बाविसावा त्याच्याच शेजारी. शेवटच्यानं जीव खाल्ला. अखेर एका दगडाच्या कपारीत तो हाताला लागला आणि रंगरावनं दोन्ही हातांनी त्याला छातीशी आवळून काठावर आणलं. चांगलाच दांडगा होता. अंगात ऊब आल्यासारखा उसळ्या मारत होता.

दांडकं पायाशीच पडलं होतं. रंगरावनं ते उचललं नाही. गोणीचं ओलं तोंड मिटून बसलेलं आणि त्याचे दोन्ही हात अडकलेले. तो नुसताच उभा राहिला, अंगावरून पाणी गळत.

हेमाबाई चिखलात खाली बसल्या. त्यांनी दोन्ही हातांनी गोणीचं तोंड फाकवून धरलं.

"टाका," त्या म्हणाल्या.