न शिकवण्याचा अहवाल

या, असं जवळ सरका. टाळ घटकाभर मांडीवर ठेवा. बुवा अजून चहा घेतायत, तोवर आमच्या माकणीकडची एक गोष्ट सांगतो.

बब्रुवान आबा आमच्या सप्त्यातले मृदंगवाले. बारा वर्षांची शिवकन्या त्यांच्याकडं शिकायला गेली, तर आबांनी तिला तीन महिने नुसती कणीक मळायला लावली. मृदंगाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात, तेव्हा कुठं तो घुमतो. पोरीनं मळायची, लावायची, खरवडायची, आबांनी वाजवायचं. बोल एकही सांगितला न्हाय. मळता मळता तिची बोटं परातीवर ठेक्यात पडायला लागली, आबांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पोरीच्या मनात मात्र एकच, सप्त्याच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला आपण वाजवायचं.

तेवढ्यात शाळेचे उमाशंकर सर कळंबहून प्रशिक्षण घेऊन आले. विषय, चीनमधलं ताओ तत्त्वज्ञान. न बोलता शिकवावं, पाण्यासारखं वाहू द्यावं. लई गोड विचार! सरांनी तो माइकवर सव्वा तास समजावला. मग तक्ता काढला, 'आज काय काय शिकवलं नाही'. चौदा रकाने, रोज भरायचे, फोटोसह. तो घेऊन सर आबांकडं आले.

"आबा, हिला काय शिकवता?"

"काय न्हाय."

"उत्तम! पण त्याचं नियोजन कुठंय?"

"बसा सर. तुमाला बी देतो थोडी मळायला."

सर बसले न्हाईत. "शिवकन्या, ती कणीक सोड. आधी मौनाचे सतरा फायदे पाठ कर. मोठ्यानं!"

काल्याच्या दिवशी आबांनी मृदंग पोरीपुढं सरकवला आणि स्वतः टाळकऱ्यांत जाऊन बसले. सरांनी माइक घेतला. मृदंग पोकळ असतो म्हणूनच वाजतो, हे त्यांनी अर्धा तास सांगितलं. उन्हानं कणीक वाळली. पहिली थाप पडली, ती पत्र्यावर खडा पडावा तशी.

बायका कुजबुजल्या. पोरीचा चेहरा उतरला.

"फायदा क्रमांक सात आठव!" सर ओरडले.

पोरीनं आबांकडं बघितलं. आबा टाळाची दोरी सोडवत होते. मग तिनं तांब्यात बोटं बुडवली, कणीक भिजवली, चिमूटभर वाढवली, कान लावला. थाप मारली, अन् मंडप घुमला! बुवांनी अभंग उचलला, पोरगी शेवटपर्यंत चुकली न्हाय.

अहवाल वर गेला, 'आमच्या पद्धतीने विद्यार्थिनी तयार'. सरांचे सात फोटो. एकात कडेला आबांचा अर्धा खांदा दिसतो.

बुवा उठले बघा. आता मृदंग घुमला की त्या खांद्याच्या माणसाची, बब्रुवान आबांची, तेवढी आठवण ठेवा.