पाच इंजिनांचा आवाज

आई गेल्यावर तीन महिन्यांनी बाबांनी एकदाचं कानाचं यंत्र घेतलं. दहा वर्षं ती मागे लागली होती, तेव्हा "मला सगळं ऐकू येतं" म्हणून तिलाच गप्प करायचे. पस्तीस वर्षं छापखान्यात मशीनवर काढलेला माणूस. कान केव्हाच गेले होते. आता दाराची बेल वाजली हे सांगायला घरात कुणी उरलं नाही, तेव्हा मुकाट्याने डॉक्टरकडे गेले. मला रागच आला. हेच तिच्यादेखत केलं असतं तर काय बिघडलं असतं?

त्यानंतर दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला. "ठकू, रविवारी ये. गाड्या सोमवारी शाळेला देऊन टाकतोय. खोक्यात भरायला मदत लागेल."

गाड्या म्हणजे वरच्या खोलीतली रेल्वे. निवृत्त झाल्यावर बाबांनी कमरेइतक्या उंचीचं, खोलीभर लांब लाकडी टेबल ठोकलं आणि त्यावर रूळ, स्टेशन, बोगदा असं सगळं उभं केलं. अकरा वर्षं झाली त्याला. तळहाताएवढी पाच इंजिनं. आई गेल्यापासून बाबा सकाळी उठून दाढी करायचे ते फक्त या गाड्यांसाठी. त्या गेल्या की ते दिवसभर करणार काय?

रविवारी जेवण झाल्यावर वर गेले, तर खोकी मांडून ठेवलेली.

"झालं काय एवढं?" मी विचारलं.

"पंधरा दिवस झाले, पाचही खरखर करतायत. डोकं उठतं. झिजली बहुतेक, माझ्यासारखी. उद्या शाळेचा टेम्पो येतोय."

"पाचही एकदम झिजली? ठरवून?"

"तू ऐक तर खरं."

त्यांनी काळं इंजिन सोडलं. याला आम्ही ढेरपोट्या म्हणतो. ते बोगद्यापर्यंत पोचायच्या आतच माझे दात आंबले. रिकाम्या डब्यात खडे घालून कुणी हलवत बसावं, तसा आवाज सगळ्या टेबलातून येत होता.

मी कवळ्या बनवते. बारीक चिमटे, ब्रश, सुईच्या टोकावर थेंब धरणं, हे माझं रोजचंच काम. म्हटलं, टेम्पो यायला उद्याची सकाळ आहे, तोवर बघू. एकेक इंजिन उलटं करून स्पंजवर ठेवलं. चाकं पुसली, काळा मळ निघाला. दोन आसांवर लांब पांढरे केस गुंडाळलेले होते. आईचे. ते चिमट्याने सोडवून मी कागदाच्या पुडीत ठेवले, बाबांना दाखवले नाहीत. दातेरी चाकांवरचं जुनं ग्रीस टणक झालं होतं, ते खरवडलं आणि जिथे तिथे एकेक थेंब तेल दिलं. दीड तास गेला. पुन्हा रुळावर ठेवलं. तीच खरखर.

"सांगितलं ना," बाबा म्हणाले आणि पहिलं खोकं जवळ ओढलं.

मी हात टेकले होते. पण हार मानायचा माझा स्वभाव नाही. बाबा त्याला खाष्टपणा म्हणतात. ढेरपोट्या हातात उचलून धरला आणि दोन तारांनी चाकांना करंट दिला. हवेत चाकं फिरली, आवाज जेमतेम माशीएवढा. रुळावर ठेवला, खरखर. उचलला, गप्प. बाकीच्या चारांचंही तेच.

"बाबा, इंजिनांना काही झालेलं नाही. हे टेबल वाजतंय."

"टेबल अकरा वर्षं तेच आहे."

मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले आणि अर्ध्या वाटेतच थांबले. इथे मी पंधरा दिवसांपूर्वीच येऊन गेले होते. घर आवरायला म्हणून आले, तेव्हा फळीखाली लाकडी चौकटीच्या खणाखणांत कापडाच्या जाड घड्या ठासून भरलेल्या दिसल्या. आईला चिंधी टाकवत नसे. कसर लागेल म्हणून बडबडत मी त्या ओढून काढल्या आणि मोठ्या पिशवीत भरून कचऱ्यात दिल्या. बाबांना सांगायचंही सुचलं नाही.

भिंतीकडच्या खणात एक घडी राहिली होती. तिथवर माझा हात पोचला नव्हता. या वेळी आडवी झाले आणि ती काढून आणली. करड्या लोकरीचे चार थर, दुहेरी दोऱ्याने घट्ट शिवलेले, कडेला पुसटशी पांढरी रेघ.

बाबांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली. कडेच्या रेघेवरून अंगठा फिरवला.

"हा माझा कोट आहे," शेवटी म्हणाले. "सहा वर्षांपूर्वी हरवला होता."

मला आठवलं. कोट कुणाला तरी देऊन टाकलास म्हणून महिनाभर त्यांनी आईशी धड बोलणं टाकलं होतं. शेवटी तिनेच दुकानात नेऊन तसाच दुसरा घेऊन दिला. पण पहिल्याचं काय झालं, याबद्दल चकार शब्द काढला नाही.

"बाकीच्या घड्या मीच फेकल्या, बाबा," मी म्हणाले. "मला वाटलं चिंध्या आहेत. आवाज दाबायला तिने ठासल्यात, हे लक्षातच आलं नाही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते खिडकीजवळच्या आईच्या खुर्चीकडे बघत होते. टेबलाची मागची बाजू बाबांना दिसत नसे आणि डबा घसरलेला ऐकूही येत नसे, म्हणून आई रोज तिथे बसायची. मागच्या वळणावर काही घसरलं की हात वर करायची. खाली पडलेला स्क्रू वाकून शोधायचा तोही तिनेच.

"मला वाटायचं तिला आवडतं," बाबा म्हणाले. "किती वेळ बसायची गं ती?"

"पाच ते सात. रोज."

"कोट सहा वर्षांपूर्वी गेला. म्हणजे त्याच्या आधी पाच वर्षं या आवाजात तशीच बसली."

मी म्हणाले, "मी आत्ता जुनं ब्लँकेट कापते. तासाभरात सगळे खण भरून होतील."

"आत्ता नको. किती वाजले?"

पाचला दहा कमी होते. बाबांनी पाचही इंजिनं रुळांवर ठेवली, एकदम सोडली आणि आईच्या खुर्चीत जाऊन बसले. कानातलं यंत्र काढतील असं मला वाटलं. नाही काढलं.

मी खाली स्वयंपाकघरात आले. दार लावलं तरी छतातून आवाज येतच होता. दहा मिनिटांत माझं कपाळ दुखायला लागलं. दोनदा जिन्यापर्यंत गेले, दोनदा परत आले. रोज एवढा वेळ हे ऐकून, खाली येऊन भांडी घासताना ती कधी रडली असेल का, असं मनात आलं, आणि मग मलाच रडू फुटलं.

सातला आवाज थांबला. बाबा कठड्याला धरून एकेक पायरी खाली आले. हातावर तो दुसरा, आईने घेऊन दिलेला कोट होता. खिसे रिकामे करून त्यांनी तो टेबलावर पसरला, बाह्या सरळ केल्या.

"ठकू," ते म्हणाले, "तिची कात्री कुठे असते?"