एक जूनची मुलगी

पेठकडच्या एका पाड्यावरच्या शाळेत गंगाधर गुरुजींनी निम्म्या गावाला एक जूनला जन्माला घातलं होतं. जन्माचा दाखला कुणाकडेच नसायचा, म्हणून नाव दाखल करताना गुरुजी अंदाजानं साल टाकत आणि एक जून लिहून मोकळे होत. १९८९ साली पट कमी पडत होता, तेव्हा पाड्यावरच्या लहानूची पाच वर्षांची मुलगी मंजुळा त्यांनी खुशाल सहाची करून टाकली. पोर होळीच्या दिवशी जन्मलेली, हे सगळ्या पाड्याला ठाऊक होतं. गुरुजींनाही होतं.

पुढं हीच मंजुळा अशी पळायला लागली, की नुसतं बघून गुरुजींनाच धाप लागायची. तिला सराव देताना ते १९३२ सालच्या अमेरिकेतल्या दोन काळ्या पोरींची गोष्ट सांगत. त्या निवडून संघात आल्या, ऑलिंपिकपर्यंत गेल्या आणि ऐनवेळी त्यांना बाहेर बसवून गोऱ्या पोरींना शर्यतीत उतरवलं. सांगताना गुरुजींचा आवाज चढायचा.

"मंग त्यांच्या मास्तरानं काय केलं?" मंजुळानं एकदा विचारलं. ते गुरुजींना माहीत नव्हतं.

१९९५च्या डिसेंबरात नाशिकला बारा वर्षांखालच्या मुलींची शर्यत होती. पहिली येईल तिला पुण्यातल्या खेळाडूंच्या वसतिगृहात जागा मिळणार होती. टेबलामागच्या माणसानं मंजुळाचा शाळेचा दाखला पाहिला.

"ही तर साडेबाराची झाली. गुरुजी, तारीख बरोबर आहे ना?"

खोटी म्हणावं, तर लिहिणारा हात त्यांचाच. नोकरीवर बेतलं असतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

"गुरुजी, मी होळीची ना?" मंजुळानं हळूच विचारलं. गुरुजी पिशवीत काहीतरी शोधत राहिले. मंजुळाला शर्यतीत घेतलं नाही.

सातवी झाल्यावर मंजुळा निफाडकडं द्राक्षबागांच्या कामाला गेली. अमेरिकेची गोष्ट गुरुजींनी पुन्हा कधी सांगितली नाही. आपण भेकडपणा केला, हे त्यांना पुरतं कळत होतं. कबूल करायला मात्र बारा-तेरा वर्षं जीभ रेटली नाही.

२००८च्या जूनमध्ये मंजुळा आपल्या मुलीचं नाव घालायला शाळेत आली.

"मंजुळा, तेव्हा माझं चुकलं," गुरुजी म्हणाले.

"हां," ती म्हणाली. मग पदराआडच्या पिशवीतून तिनं दवाखान्याचा दाखला काढून टेबलावर ठेवला. "पोरीची खरी तारीख हाय. बघून लिवा."

गुरुजींनी बघून लिहिलं. मंजुळानं रजिस्टर आपल्याकडं वळवून घेतलं आणि बोट ठेवून एकेक आकडा वाचून पाहिला.