पुलाशेजारचं थरथरतं पाणी

"आला! वली आला!"

गावचा मांत्रिक ओराल बक्सी यानं वली संताच्या नावानं डफावर थाप मारली आणि तांब्याच्या परातीतलं पाणी थरथरू लागलं. काठावरून मध्याकडे वलयं धावली. बायका रडू लागल्या, पुरुषांनी दुवा मागून तोंडावरून हात फिरवले. माझी बायको कुल्याश अगदी पुढे बसली होती. अडीच महिने तिचा ताप हटत नव्हता, कंबर धरली होती.

"पाण्यानं आजार घेतला!" ओराल गरजला. "आता डॉक्टरच्या गोळ्या कशाला?"

तिनं गोळ्या सोडल्या. मी बघत राहिलो.

ओरालची खोली रेल्वेपुलाच्या दगडी पायाला चिकटून होती. गाडीनं पाणी हलतं असं कुणी बोललंच, तर तो हसायचा. "अरे शहाण्या, दिवसाला बारा गाड्या जातात. मग बाकीच्या अकरांच्या वेळी पाणी झोपतं होय?"

लोक गप्प. मीही गप्प. आणि मी तर त्या पुलाचा पहारेकरी, एकोणीस वर्षांपासून! दुपारची रिकाम्या डब्यांची मालगाडी आली की पूल झोके घेतो, हे माझ्या तळव्यांना पक्कं ठाऊक होतं. पण कुल्याशच्या डोळ्यांत आशा होती. माझ्याही.

शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या झिबेक बाई आठवडाभर घड्याळ घेऊन पुलाखाली बसल्या. मग माझ्या चौकीत आल्या.

"तोलेगेन आगा, ती मालगाडी खिडकीतून दिसली की ओराल डफ उचलतो. उद्या तिला पिवळं निशाण दाखवा. सावकाश जाऊ दे."

"उगाच गाडी हळू केली तर साहेबांना जाब द्यावा लागेल, बाई."

"आणि वहिनींना कोणता जाब द्याल?"

दुसऱ्या दिवशी मी निशाण दाखवलं आणि धावत खोलीकडे गेलो. गाडी रांगत पुलावरून चालली होती. ओराल डफ बडवत होता, घामाघूम झाला होता. पाणी ढिम्म.

"वली जेवायला गेला का रे?" एका म्हातारीनं विचारलं.

झिबेक बाई पुढे झाल्या. "झोपाळ्याला नेमक्या वेळी धक्के दिले की तो चढत जातो ना? तसंच आहे हे. सारख्या लांबीचे डबे, ठरलेला वेग. प्रत्येक डबा पुलाला त्याच्याच लयीत धक्का देतो. पूल हलतो, पाया हलतो, परात हलते. वेग बदलला, लय मोडली!"

कुल्याश माझ्याकडे वळली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

ती झिबेक बाईंचा हात धरून उठली.

तो कच्च्या दुधातून आलेला ताप होता. डॉक्टर म्हणाले, गोळ्या थांबवल्या नसत्या तर पाठीचा कणा वाचला असता. पुन्हा गोळ्या घेऊन ताप गेला, पाठ वाकलेलीच राहिली. आता ती भिंत धरून उठते. माझा हात मागत नाही.

ओरालनं फसवलं, हे खरंच. पण गावाला ठाऊक नव्हतं, मला होतं. म्हणून सांगतो: चमत्कार दिसला तर आसपास काय हलतंय ते आधी बघा. डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. आणि खरं ठाऊक असेल तर चारचौघांत मोठ्यानं बोला. मी बोललो नाही.